द्वारकेतला सगळ्यात हलका मंच

या, असे जवळ येऊन बसा. पंख्याखालची जागा सोडा, तिथे माझा आवाज पोचणार नाही. आज एका मंचाची गोष्ट सांगते. तो इतका हलका होता की दोन बायकांनी बोलता बोलता उचलून न्यावा, आणि इतका हुशार की त्याच्यावर माणसं उभी राहिलेली त्याला चालत नव्हती. गोष्टीत एक मोठा माणूस आहे. निदान तो स्वतःला तसा समजतो. मी त्याच्याबद्दल बरं बोलायचा प्रयत्न करीन, कीर्तन ऐकणाऱ्या बाईने तेवढं तरी करावं. नाही जमलं तर देव मला सांभाळून घेईल. त्या माणसाला घेतोच आहे, मग मी काय जड आहे.

दिल्लीतल्या द्वारकेत आमचं मराठी मंडळ आहे. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं, काही माझ्यासारखी इथेच म्हातारी होत चाललेली, आणि कँटोन्मेंटमधली फौजी घरं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीत लहानसं कीर्तन होतं आणि माघात सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा उत्सव. कीर्तनकार सरलाताई. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. त्या उभ्या राहिल्या आणि चिपळ्यांचा पहिला आवाज झाला की मोबाइल बघणारी पोरंसुद्धा मान वर करायची. मी त्यांच्या साथीला पेटीवर असायचे, म्हणून सांगते, त्या गाताना माझ्या बोटांना काही करावं लागायचं नाही. बोटं आपोआप जायची.

ताईंचं कीर्तन नारदीय पद्धतीचं. एकटं माणूस उभं राहून गाणार, सांगणार, हसवणार. पण दिल्लीत त्याला आमचं एक शेपूट लागलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उत्सवाला सुभेदार खंडेराव आणि त्यांच्या पलटणीतली साताऱ्याकडची माणसं टाळ घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आख्यान संपलं, गजर सुरू झाला, आणि ताई गाता गाताच म्हणाल्या, "सुभेदार, भिंत पडत नाही, सोडा तिला. वर या." ती सगळी वर आली. दोन रांगा, मधे ताई, आणि एका लयीत पावली. त्या दिवसापासून आमच्याकडे उत्सवाचं कीर्तन असंच संपतं. पुण्याहून आलेला एखादा जाणकार नाक मुरडतो. मुरडू दे. टेंट हाऊसच्या लाकडी तख्तांवर ते पाय पडायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शर्माजींच्या झुंबराचे लोलक वाजायचे आणि शर्माजी स्वतः वर येऊन टाळ्या वाजवायचे.

आता मोठ्या माणसाकडे येऊ. धैर्यशीलराव मंडळाचे अध्यक्ष. मानेसरला त्यांचा कारखाना आहे, तिथे बसगाड्यांच्या तळाचे आणि छताचे पत्रे तयार होतात. उत्सवाला ते दरवर्षी येतात, पूर्वरंग संपता संपता. मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात ना, तो हार घालायला. मग कुणीतरी त्यांना हार घालतं, फोटो निघतो, कपाळाला बुक्का लागतो, आणि ते कानाशी फोन धरून जिन्याकडे चालू लागतात. "एक अर्जंट कॉल आहे." प्रसादाचा डबा मागाहून ड्रायव्हर नेतो. इतकी वर्षं अध्यक्ष, पण आमचं कीर्तन संपतं कसं हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते सगळं ह्यातून झालं.

ह्या गोष्टीतल्या उत्सवाच्या आदल्या वर्षी सरलाताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. वर्षभर त्या फ्लॅटबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये काठी घेऊन चालत होत्या, आधी भिंतीला धरून, मग न धरता. उत्सवानंतर त्या सांगलीला भावाकडे कायमच्या जायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, उभ्या राहा, गा, फक्त पडू नका. ताई मला म्हणाल्या, "शालिनी, माझं मागणं एवढंच आहे. दिल्लीतलं शेवटचं कीर्तन उभ्याने व्हावं, आणि शेवटी सुभेदाराच्या पोरांबरोबर दोन पावलं टाकायला मिळावीत. बसून केलं तर ते प्रवचन झालं. प्रवचन मला येत नाही, मला झोप येते."

माझ्याकडे वरच्या खोलीत अवनी राहते. पुण्याची मुलगी, इंजिनियर, दिवाळीनंतर दिल्लीत आली ती धैर्यशीलरावांच्याच कारखान्यात. तिचं काम म्हणजे पत्रे हलके करणं. मी विचारलं, हे काय काम झालं? सत्यनारायणाचं केळीचं पान उरलं होतं, ते तिने ओट्यावरून उचललं.

"मावशी, हे पान किती पातळ आहे. तरी देठाला धरलं की कसं ताठ राहतं. कारण मधून ही जाड शीर गेलीय. आमचा पत्रा असाच. वर पातळ पत्रा आणि खाली उभ्या पट्ट्या. त्यांना स्टिफनर म्हणतात. आता पट्ट्या किती हव्यात, केवढ्या उंच, किती अंतरावर, पत्रा किती जाड, हे सगळं ठरवायचं."

"मग तू ठरवतेस?"

"मी एकटी बसले तर म्हातारी होईन. कॉम्प्युटरला शेकडो पत्रे काढायला सांगते. सगळे काल्पनिक. प्रत्येकावर तो वजन ठेवून बघतो. जो वाकला तो बाद, जो जड तोही बाद. उरलेल्यांची आपसात लग्नं लावतो. एकाच्या पट्ट्या, दुसऱ्याची जाडी, अशी पोरं होतात. मग त्या पोरांची परीक्षा. असं चालत राहतं. शेवटी जो सगळ्यात हलका आणि तरी पास, तो आपला."

"एवढी लग्नं लावून कुणी सुखी होतं का गं?"

"कंपनी होते," ती म्हणाली आणि पान तिने चारकोनी कापून त्यावर आम्हा दोघींना भात वाढला.

जेवताना मी विचारलं, वजन किती ठेवायचं हे त्याला कोण सांगतं? ती म्हणाली, ते आपण सांगायचं. त्याला लोड केस म्हणतात. आपण जेवढं सांगू तेवढंच तो तपासतो, आणि जे सांगितलं नाही त्याच्यासाठी चिमूटभर धातूसुद्धा मागे ठेवत नाही. ठेवला तर तो हलका कसला? मला ते ऐकून जरा भीतीच वाटली. आपल्याकडे चार माणसांचा स्वयंपाक करताना पाचव्याची मूठ आपोआप पडते. इथे ती मूठ कुणी मुद्दाम सांगितली तरच.

पौषात मंडळाची बैठक झाली. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट लहान, तख्तं जड, उचलणारे सगळे साठीचे, ही रड दरवर्षीची. धैर्यशीलरावांनी हात वर केला, आशीर्वाद देतात तसा.

"यंदा मंच माझ्याकडून. ॲल्युमिनियमचा. एआयने डिझाइन केलेला."

"एआय नाही, सर," अवनी हळूच म्हणाली, "जेनेटिक अल्गोरिदम."

"तेच ते. लोकांना काय समजतंय."

लोकांना समजलं ते एवढंच की तख्तं उचलायची नाहीत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पाठ माझीही दुखते. मागाहून कळलं की उत्सवाला प्रमुख पाहुणे म्हणून कुणी सुजय कामत येणार होते, एका मोठ्या बस कंपनीत खरेदीचे प्रमुख, आणि धैर्यशीलरावांना त्यांना पत्रा दाखवायचा होता. देवाचा उत्सव आणि ह्यांचं शोरूम. मंचाची पुढची बाजू म्हणूनच उघडी ठेवायची, झालर नाही, आणि खाली निळे दिवे लावायचे, म्हणजे पट्ट्या दिसतील.

वजन कुणाकुणाचं धरू, हे अवनीने त्यांना मानेसरच्या ऑफिसात रीतसर विचारलं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. "ताई, पेटी, तबला, झांजवाला, मी, पाहुणे. ताई तेवढ्या उभ्या, बाकी सगळे बसलेले."

"शेवटी कुणी वर येतं का, सर?"

"कोण येणार? आरतीचं ताट येतं."

बघा, ही ठाम उत्तरं कुठून येतात. जो कधी थांबलाच नाही त्याला शेवट तोंडपाठ. अवनीने उत्सव पाहिलेला नव्हता, घरातली लहान कीर्तनं तेवढी ऐकली होती. तिने सांगितलं तेवढं वजन कॉम्प्युटरला दिलं. कॉम्प्युटरने शेकडो लग्नं लावली, पोरं तपासली, आणि एक कृश, देखणा पत्रा काढून दिला, खाली सुरीसारख्या उंच बारीक पट्ट्या. कारखान्यात तो तयार झाला, रंगवला गेला. त्याचं माहितीपत्रकही छापून आलं. त्यावर मंच कमी आणि धैर्यशीलराव जास्त होते.

उत्सवाच्या आधीच्या रविवारी आमच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, गाड्या सरकवून तालीम ठेवली होती. अवनी सगळ्यांना चहा घेऊन आली. ताई खांबाला टेकून गात होत्या, खंडेराव आणि मंडळी पावली टाकत होती. एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघा वाकवून, टाळ छातीशी. जमिनीतून थड थड येत होतं. अवनी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे कुठे करणार?"

"मंचावर," मी म्हटलं. "अजून कुठे?"

"सगळे? एकदम?"

"एकदम नाही तर काय टोकन घेऊन एकेक?" खंडेराव म्हणाले. "पोरी, चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी तिने ही पावली कॉम्प्युटरला सांगितली. संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्या स्वयंपाकघरात. म्हणाली, मावशी, नुसतं वजन असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण एवढे पाय एका ठोक्यावर पडले की त्या उंच पट्ट्या कुशीवर कलंडतात, आणि पट्टी कलंडली की वरचा पत्रा परातीसारखा खोल जातो. शिवाय हलक्या पत्र्याला स्वतःचा एक झोका असतो. पावलीची लय त्या झोक्याला नेमकी गाठते. पाळण्याला दरवेळी अचूक क्षणी ढकलावं तसं.

"आणि खोलगट होतो तो कुठे?"

"मधोमध."

मधोमध सरलाताई उभ्या असतात. पायात सळई घेऊन.

मंच हॉलमध्ये जोडून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी धैर्यशीलराव दिवे बघायला आले तेव्हा अवनी तिथे गेली, आणि तिला धीर म्हणून मी आणि खंडेराव.

"सर, मी नवी लोड केस टाकून बघितली. फेल आहे."

"कुणी सांगितलं टाकायला?"

"शेवटी मंचावर नाचतात, सर."

"कोण नाचतं?"

"आम्ही," खंडेराव म्हणाले.

धैर्यशीलरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ड्रायव्हर न विचारता सोफ्यावर येऊन बसलाय. "अच्छा. तुम्ही. कधीपासून?"

"तुमचा कॉल येतो ना, त्यानंतर."

मी दुसरीकडे बघितलं. हसू आलं तर चालणार नव्हतं.

"हा आयटम वगळता येणार नाही का?"

"आयटम नाही, साहेब, गजर आहे. पण सोपं आहे. मधे दोन तख्तं सरकवा टेंटवाल्याची, नाही तर विटा लावा. कोण बघतंय खाली?"

"मिस्टर कामत बघणारेत. वाकून बघणारेत. तेवढ्यासाठीच येतायत ते." त्यांनी स्वतःच वाकून निळ्या उजेडातल्या पट्ट्यांकडे मायेने पाहिलं. स्वतःच्या आईकडे इतक्या मायेने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. "खाली आधार दिसला तर मग ह्यात उरलं काय?"

"सर, पट्ट्या थोड्या जाड करू," अवनी म्हणाली. "लोड केस बरोबर दिली तर तोच प्रोग्रॅम बरोबर पत्रा काढून देईल. जुन्या तख्तांपेक्षा खूपच हलका राहील तरीही. फक्त ह्या उत्सवापुरती तख्तं आणू आणि हा नंतर—"

"आणि ब्रोशरमधलं वजन?"

"ते बदलेल."

"ब्रोशर छापून झालंय, अवनी."

छापून झालं होतं. वेदांना तरी पाठभेद असतात.

मग साहेबांना काहीतरी आठवलं. "एक मिनिट. सुभेदार, तुम्ही फौजी लोक पुलावरून जाताना कदम तोडता ना? मी वाचलंय. तसंच करा की. प्रत्येकाने आपापल्या वेगळ्या लयीत नाचायचं. रँडम. प्रॉब्लेम खतम."

खंडेरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, पुलावर आम्हाला पलीकडे जायचं असतं. इथे कुठे जायचंय?"

ते उत्तर धैर्यशीलरावांच्या डोक्यावरून गेलं. ते थोडा वेळ मंचाभोवती फिरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हुशारी आली. तो चेहरा मी पूर्वीही पाहिलाय, वर्गणीच्या वेळी. "अवनी, ती केस डिलीट कर. ताईंना खुर्ची द्या. चांगली, गादीची. ताई बसल्या की कुणाची उभं राहायची हिंमत होणार नाही. आणि वय झालंय त्यांचं, कुणी काही म्हणणार नाही."

म्हणजे पत्रा सुधारायचा नाही. पत्र्याला न झेपणारी माणसं कमी करायची. त्यांनी आयुष्यात सगळं असंच हलकं केलं असावं.

त्याच दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला. 'आदरणीय सरलाताईंचे वय व नाजूक प्रकृती लक्षात घेता यंदाचे कीर्तन बसून होईल. टाळकऱ्यांनी मंचावर येऊ नये. ताईंच्या तब्येतीस जपणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. — अध्यक्ष.' खाली गुलाब. त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच लागली. बायकांचे ताईंना फोन सुरू झाले, जपा हो, आता धावपळ नको, पाय वर करून बसा.

आम्ही दोघी संध्याकाळी ताईंकडे गेलो. कॉरिडॉर रिकामा होता. ताई आत खुर्चीत बसल्या होत्या, काठी दाराआड ठेवलेली.

"आज चालला नाहीत?" मी विचारलं.

"नाही गं. तो संदेश वाचून डॉक्टरांना फोन केला, लागला नाही. म्हटलं, त्यांनीच परस्पर अध्यक्षांना काही सांगितलं असेल. मला वाईट वाटू नये म्हणून मला नसेल सांगितलं." त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. "मग उठायला गेले तर पाय लटपटले. खरंच लटपटले, शालिनी. काल नव्हते लटपटत."

मी कीर्तनात रागावर ताबा ठेवायचं निरूपण पुष्कळ ऐकलंय आणि त्याला पेटीही वाजवली आहे. त्या क्षणी त्यातलं काही उपयोगाला आलं नाही. एका बाईने वर्षभर भिंत धरून जे पाय परत मिळवले, ते ह्या माणसाने एका संदेशात आणि एका गुलाबात काढून घेतले होते. कशासाठी, तर पट्ट्या निळ्या दिसाव्यात.

अवनी ताईंसमोर जमिनीवर बसली. तिचा आवाज बारीक झाला होता, नोकरी तिची होती. "ताई, डॉक्टर काही बोललेले नाहीत. तुम्हाला काही झालेलं नाही. पत्र्याला झालंय." आणि तिने सगळं सांगितलं. पट्ट्या कशा कलंडतात ते दाखवायला तिने टेबलावरचं पंचांग उभं धरून त्यावर हात दाबला. ताईंनी एकाग्रतेने पाहिलं, आणि मग एकदा स्वतः दाबून पाहिलं.

"म्हणजे नाजूक प्रकृती त्याची आहे."

"हो."

"आणि डॉक्टर तू."

अवनी पहिल्यांदा हसली. "माझं नाव नका घेऊ, ताई."

"देवाचं घेऊन संपत नाही, तुझं कशाला घेऊ?" त्यांनी हात पुढे केला. "शालिनी, काठी दे ती."

उत्सवाच्या दिवशी हॉल भरून वाहत होता. मंचावर निळा उजेड, मधे राजाची असावी तशी लाल गादीची खुर्ची. कामत आले, साधा शर्ट घातलेला पोक्त माणूस. धैर्यशीलरावांनी त्यांना वाकायला लावलं. ते वाकले, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, "बढिया" म्हणाले. धैर्यशीलरावांनी त्यांना वर नेऊन बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. ह्या खेपेला पाहुणे त्यांचे, म्हणून सुरुवातीपासून हजर राहावं लागलं. पत्रा जरा लवलासुद्धा नाही. दोन बसलेली माणसं तो पेलतोच, मी कधी नाही म्हटलं?

ताई आल्या. हिरवं लुगडं, हातात काठी, दुसऱ्या हातात चिपळ्या. मंचापाशी आल्या, खुर्चीला नमस्कार केला, आणि वळून जाजमावर, सगळ्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, वर या," धैर्यशीलराव माइकवरून म्हणाले. "तुमच्यासाठी सगळी अरेंजमेंट केलीय."

"तुम्ही बसा ना. तुम्हाला शोभतंय." ताईंनी काठी माझ्याकडे दिली. माझी पेटी मी केव्हाच खाली मांडली होती. "मंडळी, जरा सरकून घ्या. माझ्या प्रकृतीची काळजी सगळ्यांनी केलीत, फार बरं वाटलं. माझी प्रकृती उत्तम आहे. ह्या मंचाची तेवढी बरी नाही. शेवटी माणसं पावली टाकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आज विश्रांती देऊ."

आधी कुणाला कळलं नाही. मग खंडेराव मोठ्याने हसले, आणि हॉलभर ते हसू गेलं. मंचाकडे वळलेली माणसं तिथेच फिरून ताईंभोवती गोल बसली, त्यामुळे मंचाकडे बऱ्याच जणांची पाठ झाली. मुद्दाम कुणी केलं नाही. पण कीर्तन जिकडे, तोंडं तिकडे.

कीर्तन कसं झालं हे मी सांगू नये. पेटीवाली काय सांगणार, माझा अर्धा वेळ डोळे पुसण्यात गेला. मध्यंतरात हार आला तो खंडेरावांच्या सुनेने घातला. धैर्यशीलरावांचा फोन वाजला, ते उठले, पण जिन्यापर्यंत माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. परत बसले. अशा रीतीने मंडळाच्या अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तररंग ऐकला. ऐकला म्हणजे त्यांच्या हजेरीत झाला.

आणि मग गजर. ताईंनी हात वर केला, टाळकरी दोन रांगांत आले, आणि जाजमावर पावलं पडू लागली. खालून शर्माजी धावत वर आले, उशीर झाला म्हणून दाराशीच टाळ्या वाजवू लागले. ताईंनी एक पाऊल टाकलं. खंडेराव त्यांच्या कोपराशी होते, पण धरलं नाही. दुसरं टाकलं. मग मी मोजायचं सोडून दिलं, आणि सूरही एक-दोन चुकले असतील.

कामत मंचावरून बघत होते. त्यांनी बूट काढले, मोजे नीट बुटांत घातले, आणि खाली उतरून शेवटच्या रांगेत उभे राहिले. पाय त्यांचे उलटे पडत होते, पण पडत होते. वर एकटे धैर्यशीलराव, खाली निळे दिवे. हॉलची जमीन हलत होती आणि मंचाच्या कडेचा पाण्याचा ग्लास किणकिणत होता. त्यांनी तो हाताने धरून ठेवला. संपूर्ण गजरभर त्यांनी तो ग्लास धरून ठेवला.

प्रसादाच्या वेळी कामतांनी त्यांना विचारलं, "हे सगळं वर झालं असतं, तर?"

"हा यूज केसच नव्हता," धैर्यशीलराव म्हणाले.

"पण इथे दरवर्षी होतं ना?"

धैर्यशीलरावांनी फोन कानाला लावला. तो वाजलेला नव्हता.

अवनी होळीपर्यंत तिथे टिकली, मग स्वतःच सोडून नोएडाला गेली. तिथेही पत्रेच हलके करते. आता म्हणे नवीन कामाच्या आधी ती जागेवर जाऊन बसते आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठत नाही. तिच्या साहेबांना ते विचित्र वाटतं. धैर्यशीलराव अजून अध्यक्ष आहेत, आणि मंच मंडळाला दान केल्याचा संगमरवरी फलक त्यांनी हॉलमध्ये लावून घेतलाय. मंच दाराशी ठेवलाय, झालर न लावता. येणारे लोक त्याच्यावर चपला काढून ठेवतात. तेवढा भार तो छान पेलतो.

ताई सांगलीला आहेत. फोनवर सांगतात की भावाच्या घराला लांब ओसरी आहे, चालायला बरी पडते. माघात त्यांची जागा आता रिकामी असते, कुणी ना कुणी पाहुणे कीर्तनकार येतात, चांगलं करतात. मी काही मोठं मागत नाही तुमच्याकडे. कुठेही कीर्तनाला गेलात तर शेवटपर्यंत थांबा, आणि गजराला उभं राहिलात की सरलाताईंची आठवण काढून एक पाऊल त्यांच्या वाट्याचं टाका.